न बघता केलेली सही

सुभेदार भाऊसोंनी पेठ नाक्याला गाडी हायवेवर घातली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते, आणि आष्ट्यापासून तिथवर त्यांनी लेकीला तीनदा विचारून घेतलं होतं, "सत्कार दोघांचाबी हाय न्हवं?"

"व्हय आबा. दोघांचाबी." संयोगिता खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मग त्वांड का पाडून बसलीयास? का मी ह्यो कोट घातला म्हणून लाज वाटतीय?"

कोट निळा, खिशावर पलटणीचा बिल्ला. फौजेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तेवढ्यात तो दोन-तीनदाच कपाटाबाहेर आला असेल. त्याची कसली लाज! लाज वाटायची गोष्ट तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि दुपारी अडीचच्या आत ती तिच्या सहकाऱ्याच्या, मुकुलच्या, कानावर घालायची होती. अडीचला ऑनलाइन मीटिंग. मीटिंगमध्ये संयोगितानं एकच वाक्य बोलायचं होतं, की मी मुकुलचा निकाल स्वतंत्रपणे तपासला आणि तो बरोबर आहे. एवढं बोलली की निकाल मंजूर, मुकुल परदेशातल्या परिषदेला रवाना, आणि संध्याकाळी पाच वाजता वाईच्या शाळेत फेटा, शाल, नारळ.

पण तो निकाल बरोबर नव्हता. आणि का नव्हता, हे तिच्याएवढं पक्कं कुणाला ठाऊक असणार?

आता ही पोरगी करते काय, हे तिच्या गावात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. चुलते सांगतात, बॉम्बचं काहीतरी. बॉम्ब-बिंब काही नाही. शिशाचा अणू घ्यायचा, त्याच्याभोवतीचे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकायचे, उरलेलं जड केंद्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायचं आणि समोरून तसंच पळत आलेल्या दुसऱ्या केंद्रावर आदळायचं. त्या धडकेत सूर्याच्या पोटापेक्षाही लाखपटीनं तापलेला एक थेंब तयार होतो. त्यात प्रोटॉन, न्यूट्रॉन सगळे वितळतात आणि त्यांच्या आतले क्वार्क मोकळे होतात. विश्व जन्मलं तेव्हा सुरुवातीच्या काही मायक्रोसेकंदांत सगळीकडे हाच रस्सा होता म्हणतात. थेंब लगेच फुटतो, हजारो कण चहूकडे उडतात, आणि ते कुठे किती गेले यावरून थेंब कसा होता हे ओळखायचं. हे यंत्र युरोपात जमिनीखाली. त्यावर काम करणारी माणसं देशोदेशी पांगलेली. संयोगिता आणि मुकुल त्यांतलेच दोघे. पुण्यात एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर सहा वर्षं पीएचडी करत बसलेले.

यंत्र चालू असलं की कुणीतरी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवायचं. तीही ड्युटीच, फक्त घरबसल्या, लॅपटॉपवर. टकरींची एक फेरी संपली, तिला ही मंडळी रन म्हणतात, की तीस-चाळीस आलेख येतात. एकेक उघडून बघायचा, यंत्राचा कुठला भाग आंधळा तर नव्हता ना, याची खात्री करायची, आणि मग रनपुढे 'चांगला' किंवा 'वाईट' लिहून आपली सही टाकायची. तुम्ही चांगला म्हटलात की पुढे जगभरातले शेकडो लोक डोळे झाकून तो रन वापरतात. तुमच्यानंतर सहसा पुन्हा कुणी बघत नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आष्ट्याला घरी भावाचा, शिवतेजचा, साखरपुडा, आणि नेमकी त्याच दिवशी संयोगिताची ड्युटी, सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी साडेसात. बदली मागितली, मिळाली नाही. म्हणून ती माडीवर दार लोटून बसली. खाली पंगती उठत होत्या, वर ती आलेख बघत होती. पाचच्या सुमाराला आत्या वर आली.

"साडी न्हेस आन् खाली चल. कासेगावचं पाव्हणं आल्यात."

"कुठलं पाव्हणं? कशाला?"

"कशाला म्हंजे? तुला बघायला. पोरगा इंजिनेर हाय, पुण्यात फ्लॅट हाय. आयतीच सगळी जमल्याती, म्हटलं उरकून टाकू."

भावाच्या साखरपुड्यात बहिणीला उरकून टाकायची! संयोगिता आत्यावर खेकसली, माझी ड्युटी चालू हाय म्हणाली. मग आबा आले. आबा तिच्यावर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "धा मिनिटांचं काम हाय बाळ. माणसं ताटकळल्यात. कॉम्प्युटर काय पळून जातोय व्हय?"

दहा मिनिटांचा दीड तास झाला. पोरानं शिक्षण अजून किती दिवस चालणार ते विचारलं. पोराच्या मामानं उंची विचारली आणि सांगितल्यावरही विश्वास नसल्यासारखं तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं. ती माडीवर परत आली तेव्हा सात वाजून गेले होते, अंगावर काठापदराची साडी होती आणि रागानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चार रन तिची वाट बघत थांबले होते. तिनं एकही आलेख उघडला नाही. चांगला, चांगला, चांगला, चांगला. चार सह्या. पिना ओरबाडून काढल्या, साडी फेकून दिली आणि झोपली. पुढे शिवतेजचं लग्न झालं, कासेगावकरांनी काही कळवलं नाही, आणि ती ते चार रन विसरली. खरंच विसरली.

मुकुल मात्र नेमक्या त्या आठवड्यातल्या खास रनवर काम करत होता. एकूण रन एकोणीस. त्यांत त्याला असं दिसलं, की केंद्रं अर्धवट एकमेकांना घासून गेली की थेंबातून एका बाजूला कण जरा जास्तच उडतात. कुठल्याच सिद्धांतानं सांगितलं नव्हतं इतके जास्त. गटात खळबळ उडाली. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी तो निकाल पुन्हा पहिल्यापासून काढून तपासायचा असतो, आणि ते काम संयोगिताकडे आलं. परवा दुपारी तिनं एकोणीस रन वेगवेगळे करून बघितले. पंधरा रनमध्ये काहीच नव्हतं. जे काही होतं ते चार रनमध्ये. कोणत्या पोराची शिफ्ट होती ही, अशी मनात शिवी हासडत तिनं नोंदवही उघडली. सही तिची होती. मग तिनं ते आलेख आठ महिन्यांनी पहिल्यांदा पाहिले. यंत्राच्या एका भागाचा वीजदाब सारखा पडत होता आणि सावरत होता. तो भाग कायमचा आंधळा असता तर हिशेबात धरता आला असता. हा मध्येच बघत होता, मध्येच डुलकी घेत होता. एका बाजूचे कण मोजलेच गेले नव्हते, म्हणून दुसऱ्या बाजूला जास्त वाटत होते. नवीन-बिवीन काही नव्हतं. शाळेतल्या पोराला दिसलं असतं, इतकं ते ढळढळीत होतं.

वाईत मुकुलचा फ्लॅट गंगापुरीत, दुसऱ्या मजल्यावर. बारा वाजता दार उघडलं ते मुकुलच्या वडिलांनी. विष्णुपंत तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि सत्काराचा सगळा घाट त्यांचाच. मंजुरीआधी निकाल बाहेर कुणाला सांगायचा नसतो. मुकुलनं फक्त बाबांना सांगितला. बाबांनी फक्त मुख्याध्यापकांना सांगितला. मग काय, स्थानिक पेपरात वाईच्या सुपुत्राचा फोटोच आला.

"या, या सुभेदारसाहेब! अहो, तुमच्या मुलीमुळे हे झालं. तपासणारा कडक असला की उत्तराला किंमत येते." विष्णुपंतांनी दोघांना बसवलं, जेवायला वाढलं, स्वतःला धड घास गेला नाही, आणि फेटे बांधणाऱ्याला गाठायला ते भरदुपारीच बाहेर पडले.

आबा बाहेरच्या खोलीत कोचावर टेकले. संयोगिता मुकुलच्या खोलीत गेली आणि घाईत दार पुरतं लावायचं राहिलं.

"मुकुल, ते जे दिसतंय ना, ते फक्त चार रनमध्ये आहे."

मुकुलनं मान खाली घातली. कोणते चार, असं त्यानं विचारलं नाही.

"तुला माहीत होतं."

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस! आणि तपासायला माझंच नाव..."

"मीच सुचवलं." तो आता तिच्याकडे बघत होता. "अगं, सही तुझी आहे ना? मला वाटलं, तू सांभाळून घेशील. नियमानं पाहिलं तर माझं काही चुकलेलंच नाही. नोंदवहीत रन चांगले आहेत, मी वापरले."

"ते काढले तर काय उरतं?"

"सरळ रेघ. काही नाही." मुकुल पलंगावर बसला. "फेलोशिप मार्चमध्ये संपली माझी. चार महिने बाबांच्या पेन्शनवर जेवतोय. जर्मनीतले प्रोफेसर परिषदेतलं भाषण ऐकून नोकरीचं ठरवणार आहेत. एवढी परिषद होऊ दे. महिन्याभरानं आपणच दोघं दुरुस्ती काढू. अशा दुरुस्त्या निघतात, संयोगिता. तुझ्या त्या दिवसाबद्दल कुणी विचारणारसुद्धा नाही."

तिला ते पटलं, हे सांगायलाच हवं. निदान पाच मिनिटं तरी पटलं. एक महिना म्हणजे काय मोठंसं? तिची अब्रू झाकली जाणार होती, त्याला भाकरी मिळणार होती, म्हाताऱ्याची संध्याकाळ आनंदात जाणार होती. नाही म्हणायला एकही माणूस आडवा येत नव्हता. या विचारानं तिला स्वतःची इतकी किळस आली की ती काही न बोलता उठून बाहेर आली.

बाहेर आबा कोचावर ताठ बसले होते. कोट काढून शेजारी घडी घालून ठेवला होता.

"ही ड्युटी म्हंजे शिवतेजच्या साखरपुड्यादिवशीची?"

"तुमी ऐकलंसा?"

"मी काय भैरा हाय व्हय? तू पहाऱ्यावर व्हतीस, आन् मी तुला उठवलं."

"उठवलं तुमी आबा. सह्या मी केल्या."

आबांनी कोटावरच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सोळा वर्सं बर्फात पहारा केला. पहाऱ्यावरच्याला उठवायला सख्खा बाप आला तरी त्येला गोळी घालायची, आसं पोरास्नी शिकवलं मी. आन् घरात आल्यावर मलाच कळलं न्हाई तुझा पहारा कसला ते." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जा. हाय ते सांगून टाक. माझं नाव सांगायचं तर तेबी सांग, घाबरू नगंस."

अडीच वाजता मुकुल आतल्या खोलीत आणि संयोगिता स्वयंपाकघरात, अशा दोघांनी दोन लॅपटॉप उघडले. मीटिंगला साठेक माणसं होती. अध्यक्षबाई इटलीच्या, फार हळू बोलणाऱ्या. मुकुलनं आपले आलेख दाखवले, आवाज जराही हलला नाही. मग बाईंनी विचारलं, "संयोगिता, तुम्ही तपासलंत. सहमत आहात?"

"नाही," संयोगिता म्हणाली. तिनं चार रनचे क्रमांक वाचून दाखवले, ते आलेख सगळ्यांसमोर उघडले आणि म्हणाली, "हे रन वाईट आहेत. यांच्यावर 'चांगला' ही सही माझी आहे. मी न बघता केली होती."

कुणी ओरडलं नाही, कुणी चुकचुकलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"असं आणखी कोणत्या शिफ्टला केलंत?"

"कधीच नाही. फक्त त्या दिवशी."

"प्रांजळपणाबद्दल आभार," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या सगळ्या शिफ्ट आता दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा बघाव्या लागतील. हे तुम्ही समजून घ्याल."

एकतीस शिफ्ट होत्या. दिवाळीच्या, तापातल्या, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या. तीस शिफ्टमधला प्रत्येक आलेख तिनं डोळे फाडून पाहिला होता, आणि आता त्या तिसांनाही काही अर्थ उरला नव्हता. तिनं माइक बंद केला.

"मुकुल," बाईंनी विचारलं, "तुम्हाला याची काही कल्पना होती?"

मुकुलचा आवाज तिला दोनदा ऐकू आला. आधी भिंतीपलीकडून, मग क्षणभरानं कानातल्या इअरफोनमधून.

"नाही. मला आत्ताच कळतंय."

संयोगिताचं बोट माइकच्या बटणावर गेलं. सहा वर्षं शेजारी बसून खाल्लेले डबे आठवले, बाहेर फेटेवाल्याला शोधत फिरणारा म्हातारा आठवला, आणि बोट तिथंच राहिलं. बाईंनी निकाल मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि मीटिंग संपली.

चार वाजता विष्णुपंत दोन फेट्यांचे खोके छातीशी धरून जिना चढून आले. संयोगितानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, आपल्या चार सह्यांसकट. गणिताचे मास्तर होते, मध्ये एकदाही त्यांनी तोडलं नाही. मुकुल खोलीच्या दारात उभा होता.

"म्हणजे उत्तर चुकलं," विष्णुपंत म्हणाले.

"हो सर. माझ्यामुळे."

"उत्तर चुकतं. पोरांची उत्तरं चुकलेली बघण्यातच जन्म गेला माझा, त्याचं काही नाही." त्यांनी खोके खाली ठेवले, पुन्हा मांडीवर घेतले. "मला एवढंच सांग, बाळ. मुकुलला हे ठाऊक होतं?"

प्रश्न मुलाला विचारायचा सोडून त्यांनी तिला विचारला. त्याला विचारायची त्यांना हिंमत नव्हती, हे तिला स्पष्ट कळलं. मुकुल भिंतीकडे बघत होता. आबा तिच्याकडे बघत होते. खरं बोलायचं तेवढं ती आज बोलून चुकली होती आणि त्याची किंमत तिनं स्वतःच्या खिशातून दिली होती. ही किंमत मात्र दुसऱ्याच्या खिशातून द्यायची होती.

"नाही सर," ती म्हणाली. "त्याला काहीच ठाऊक नव्हतं."

विष्णुपंतांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते आणि म्हातारा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

"मग कार्यक्रम रद्द करायचं काही कारणच नाही!"

"बाबा, नको," मुकुल म्हणाला.

"नको काय, नको काय? अरे, पोरांना हेच दाखवायचं असतं! उत्तर बरोबर आलं म्हणून फेटा कोणीही बांधेल. चल, कपडे कर."

पाच वाजता शाळेचं सभागृह भरलं. संयोगितानं व्यासपीठावर यायला साफ नकार दिला. ती आणि आबा दुसऱ्या रांगेत बसले. मुकुलला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. मग विष्णुपंत माइकपुढे उभे राहिले. त्यांनी पोरांना निकाल चुकल्याचं सांगितलं, लपवालपवी केली नाही, संयोगिताचं नाव घेऊन तिचं कौतुक केलं.

"आणि हा माझा मुलगा," ते म्हणाले. "आठ महिन्यांचं काम आज दुपारी अडीच वाजता त्याच्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. आयुष्यभर तुम्हाला सांगत आलो, फळ्यावरची चूक दिसली की ती झाकू नका. माझ्या घरात ते कुणीतरी ऐकलं, हे आज मला कळलं. आता त्याच्याच तोंडून ऐका, कळलं त्या क्षणी काय वाटलं ते."

त्यांनी माइक मुकुलच्या हातात दिला. मुकुलनं समोर पाहिलं, दुसऱ्या रांगेत संयोगितावर त्याची नजर क्षणभर थांबली. तिला वाटलं, आता हा बोलेल. बोल बाबा, बोलून टाक, ती मनात म्हणाली. म्हातारा आज तुला माफ करेल, उद्या नाही करणार.

"मला आज दुपारीच कळलं," मुकुल म्हणाला. आवाज पहिल्या शब्दापासूनच कापत होता, त्यामुळे ते फार खरं वाटलं. "पायाखालची जमीन सरकली. पण बाबांचा फळा आठवला."

सभागृह उठून उभं राहिलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी ते वाक्य वहीत लिहून घेत होती. विष्णुपंत रडत होते आणि रडताना हसत होते. आबा बसूनच होते, हात गुडघ्यांवर.

"गुरुजीस्नी कुणी सांगायचं आता?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

"कुणीच न्हाई, आबा," संयोगिता म्हणाली, आणि शेजारच्या बाया बघत होत्या म्हणून उभी राहून तीही टाळ्या वाजवू लागली.